हायडेलबर्गचा एक शनिवार: किल्ला, नदी आणि समोरचा काठ

फ्रँकफुर्टला कामासाठी आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यातच कोणीतरी हायडेलबर्ग पाहून येण्यास सुचवते. सल्ला योग्यच असतो. परंतु बहुतेकजण तेथे किल्ला पाहतात, पुलावर छायाचित्रे काढतात आणि दुपारच्या गाडीने परत फिरतात. गेल्या दोन वर्षांत मी तीनदा तेथे गेलो आणि पहिली खेप अशीच घालवली. उरलेल्या दोन खेपांनंतर माझे मत असे झाले आहे की या गावातला दिवस नेकर नदीभोवती आखावा आणि किल्ल्याला सकाळचे दोन तास द्यावेत.

जाण्यासाठी शनिवार बरा, कारण रविवारी जर्मनीत नेहमीची दुकाने बंद असतात आणि पाण्याची बाटलीदेखील हॉटेलच्या दराने घ्यावी लागते. ज्यांच्याकडे डॉइचलांड-टिकिट हा मासिक पास आहे त्यांना प्रवासाचा वेगळा खर्च नाही, फक्त तो आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही हे ध्यानात ठेवून डार्मश्टाटमार्गे जाणारी प्रादेशिक गाडी धरावी. मुख्य स्थानक जुन्या गावापासून बरेच लांब आहे. पायपीट करू नये, त्याच पासावर बस मिळते.

किल्ल्याचे तिकीट मात्र पैसे वसूल करून देणारे आहे. जुन्या गावातल्या कोर्नमार्क्ट चौकातून वर नेणारी दोराची रेल्वे, आतला चौक, दारूचे प्रचंड पिंप आणि औषधनिर्मितीचे संग्रहालय हे सारे त्या एकाच तिकिटात येते. दालने आतून दाखवणारी मार्गदर्शित फेरी आणि क्योनिगश्टूल डोंगराच्या माथ्यापर्यंत जाणारी 1907 सालच्या लाकडी डब्यांची पुढची गाडी यांचे पैसे मात्र निराळे पडतात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने 1689 मध्ये आणि पुन्हा 1693 मध्ये हा किल्ला उद्ध्वस्त केला, आणि दुरुस्तीचे प्रयत्न चालू असताना 1764 मध्ये वीज पडून तो जळाला. 1689 हे साल वाचताच मराठी वाचक क्षणभर थबकतो, कारण त्याच वर्षी संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगड मोगलांच्या हाती गेला. सुरुंगाने दुभंगलेला दारूगोळ्याचा बुरूज येथे तसाच ठेवला आहे. त्याचा एक अख्खा तुकडा भिंतीच्या जाडीसह खाली सरकलेला दिसतो, आणि किल्ल्याचा इतिहास सांगणाऱ्या कोणत्याही फलकापेक्षा तो जास्त सांगतो.

1751 साली बांधलेल्या पिंपात सुमारे 2,20,000 लिटर वाइन मावत असे. ती द्राक्ष बागाइतदारांकडून करापोटी घेतलेली असे आणि सगळ्यांची एकाच पिंपात ओतली जाई, त्यामुळे तिची चव काय असेल याची कल्पना न केलेलीच बरी. गर्दी पिंपाभोवती होते. माझा वेळ मात्र औषधांच्या संग्रहालयात गेला. लाकडी खणांच्या भिंती, खलबत्ते, अर्क काढण्याची काचपात्रे हे सारे निवांतपणे पाहता येते, आणि ज्यांच्या आजोळी वैद्य होते त्यांचा पाय तेथून लवकर निघणार नाही.

जेवणाविषयी थोडक्यात लिहितो. मुख्य रस्त्यालगतच्या एका जुन्या खानावळीत मी शाकाहारी म्हणून मागवलेल्या फ्लामकूखनवर (पिझ्झासारखी पातळ भाजलेली पोळी) डुकराच्या मांसाचे तुकडे आले, ते बदलून मिळायला अर्धा तास गेला आणि शेवटी कार्ड चालत नसल्याचे कळले. रोख युरो जवळ ठेवावेत. चीज आणि तळलेला कांदा घातलेले केझेश्पेट्झले हा पोटभरीचा पर्याय आहे, पण त्या शेवयांच्या पिठात अंडे असते. माउलटाशन या सारण भरलेल्या पदार्थात बहुधा मांस असते. नुसते पाणी मागितले तर बुडबुड्यांचे येते, म्हणून ‘श्टिलेस वासर’ असे स्पष्ट सांगावे.

दुपारी नदी. हंगामात येथून नदीच्या वरच्या अंगाला नेकरश्टाइनाख या गावापर्यंत बोटी जातात. बोट जुन्या पुलाच्या कमानीखालून निघते आणि थोड्याच वेळात कार्ल्सटोरच्या बंधाऱ्याशी थांबते. मालवाहू नौकांना जाता यावे म्हणून मानहाइमपासून प्लोखिंगेनपर्यंत नेकरवर 27 ठिकाणी अशी जलद्वारे बांधलेली आहेत, आणि त्यांतील दोन या सफरीत ओलांडावी लागतात. बोट दोन काँक्रीटच्या भिंतींमध्ये शिरते, मागचे दार बंद होते, वरच्या अंगाचे पाणी आत सोडले जाते आणि समोरची ओली, शेवाळलेली भिंत हळूहळू खाली सरकते आहे असे वाटत असतानाच आपण वरच्या पातळीवर पोचलेले असतो. हे सारे इतके निःशब्द घडते की शेजारच्या बाकावरची लहान मुलेही गप्प बसली होती. पुढे डोंगर जवळ येतात आणि शेवटी चार किल्ल्यांचे नेकरश्टाइनाख लागते, जे हेसन राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला आहे.

तक्रार एकच: ज्या बोटीने मी गेलो तिच्यावरील ध्वनिक्षेपक वळणावळणाला दोन भाषांत बोलत राहिला आणि वरच्या मजल्यावर त्यापासून सुटका नव्हती. तिकीट मात्र फक्त जाण्याचे काढावे. परतीचा तोच जलमार्ग दुसऱ्यांदा तितका रंगत नाही, आणि मासिक पासावर एस-बान ही लोकल गाडी तुम्हाला अर्ध्या तासाच्या आत परत आणते. वाचलेला वेळ संध्याकाळी लागणार असतो.

ती संध्याकाळ जुन्या पुलापलीकडच्या काठासाठी राखावी. आधीचा पूल 1784 च्या बर्फासह आलेल्या महापुराने नेला. आजचा 1788 मध्ये पूर्ण झाला, मार्च 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने त्याच्या कमानी उडवल्या आणि 1947 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. पूल ओलांडला की सर्पवाट नावाची उभ्या चढाची पायरीवाट लागते, दम लागतो, आणि वर तत्त्वज्ञांची वाट म्हणून प्रसिद्ध असलेला रस्ता येतो. सकाळी ज्या किल्ल्यात आपण फिरलो तो येथून प्रथमच पूर्ण दिसतो. उन्हाळ्यात मावळतीचे ऊन त्या तांबड्या वालुकाश्मावर पडते तेव्हा पडक्या भिंती आणि धड भिंती यांतला फरक पुसला जातो.

बाकावर बसल्यावर मला गुंथर सोन्थायमर आठवले. जेजुरीचा खंडोबा आणि धनगरांचा बिरोबा यांचा अभ्यास करत महाराष्ट्राच्या माळरानांवर हिंडलेला हा विद्वान याच गावातल्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवत असे. 1386 साली स्थापन झालेल्या विद्यापीठात धनगरांच्या ओव्यांना जागा मिळाली होती, हे पर्यटकांच्या कोणत्याही माहितीपत्रकात मला आढळले नाही.

उतरताना सर्पवाट टाळावी, कारण तिचे दगड ओले असले तर पाय घसरतो. रस्त्याने पश्चिमेकडे चालत नॉयनहाइममध्ये उतरावे आणि थेओडोर हॉइस पूल ओलांडावा. समोरच बिस्मार्क चौक आहे आणि स्थानकाकडे जाणारी ट्राम तेथेच मिळते.