काचेला रंग, फिल्म की लेप? आधी ठरवा, नजर अडवायची की ऊन

खिडकीच्या काचेला काहीतरी लावायचं ठरलं की आपण थेट दुकान गाठतो आणि 'यात काय काय मिळतं' विचारतो. त्याआधी त्या खिडकीपाशी दोनदा उभं राहा. एकदा भर दुपारी आतून, आणि एकदा रात्री घरातला दिवा लावून बाहेरून. दुपारी उन्हाची झळ किती ते कळतं, रात्री आतलं किती दिसतं ते कळतं. हे दोन वेगळे त्रास आहेत. एकाच डब्यातून दोन्हींवर उपाय निघेल अशी आशा धरली की पैसे वाया जातात.

कारण साधं आहे. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेत डोळ्यांना दिसणारा प्रकाश निम्म्याहून थोडा कमीच असतो. अतिनील किरण ५ टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेला मोठा वाटा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. म्हणजे काच धूसर झाली, डोळ्यांवरची तिरीप गेली, तरी खोली तापायची ती तापतेच. दुधी काचेमागच्या खोलीत दुपारी बसून पाहिलंय त्याला हे सांगायला नको.

आधी आडोशाचं बघू. इथे खरी लढत दुधी स्प्रे आणि दुधी फिल्म यांच्यातच आहे. ऑइलपेंटचा विचार सोडून द्या. मी एकदा न्हाणीघराच्या झडपेला पांढरा ऑइलपेंट मारला होता, घरात उरलेला डबा संपवायचा म्हणून. दोन पावसाळ्यांत वाफेने त्याचे पोपडे सुटले, आणि ब्लेडने खरवडताना कळलं की जिथे सुटायला हवा तिथे तो घट्ट आहे आणि जिथे राहायला हवा तिथे गेलाय. शिवाय अपारदर्शक रंग नजरेबरोबर उजेडही घालवतो. १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट, म्हणजे रात्री शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये असा हुकूम, लागू झाला तेव्हा काचेची छपरं असलेल्या कारखान्यांनी ती काळी रंगवून टाकली होती. रात्रीचा प्रश्न मिटला, पण मग कामगारांना भर दिवसाही दिव्याखाली काम करावं लागलं.

स्प्रे आणि फिल्ममध्ये निवड काचेकडे बघून करायची. तावदानं लहान आहेत, काचेवर नक्षी किंवा खडबडीतपणा आहे, आकार वेडावाकडा आहे, तर स्प्रे. अशा काचेवर फिल्मला धरायला सपाट जागाच मिळत नाही. काच मोठी, गुळगुळीत आणि चौकोनी असेल तर डोळे झाकून फिल्म. मोठ्या काचेवर स्प्रे एकसारखा बसणं फार अवघड. हात जरा रेंगाळला की ओघळ येतो, आणि तो ओघळ दुपारच्या उन्हात असा उठून दिसतो की बाकीची काच कोणी बघतच नाही. डबा २५-३० सेंमी लांब धरायचा, फवारा काचेच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्यायचे. चौकट, कठडा, खालची फरशी सगळं कागदाने झाकून घ्या. तो बारीक तुषार कुठे कुठे जाऊन बसतो याचा अंदाज दुसऱ्या दिवशी धूळ पुसताना येतो.

फिल्ममध्येही दोन जाती. गोंदाची, आणि गोंदाशिवाय नुसत्या पाण्यावर काचेला धरून राहणारी. घर भाड्याचं असेल तर दुसरीच घ्या. ती सोलून, गुंडाळून पुन्हा वापरता येते, फक्त कडा कधीमधी सुटतात. गोंदाची जास्त टिकते, पण काढताना गोंद मागे राहतो.

न्हाणीघरासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. वाळूच्या माऱ्याने किंवा आम्लाने दुधी केलेली काच खडबडीत बाजूने भिजली की बऱ्यापैकी पारदर्शक होते, कारण खाचांमध्ये पाणी भरून पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो. विनाइल फिल्मला हा त्रास नाही. आणि घरच्या घरी काच दुधी करण्याचं आम्लयुक्त क्रीम मोठ्या खिडकीसाठी मुळीच आणू नका. त्यात फ्लोराइडची घातक संयुगं असतात, आणि एकदा झालेलं काम पुसता येत नाही.

आता उन्हाचं. आरशासारखी फिल्म, पारदर्शक उष्णतारोधक लेप, आणि बाहेरून मारलेला खडूचा किंवा चुन्याचा पांढरा हात, हे तीन मुख्य पर्याय.

आरसा फिल्म किरण परतवते, म्हणून तिचा फरक पहिल्याच दुपारी जाणवतो. दिवसा बाहेरून आतलं दिसतही नाही, त्यामुळे दोन्ही कामं झाली असं वाटतं. पण आरसा नेहमी उजेडाच्या बाजूला असतो. रात्री दिवा लावला की आरसा तुमच्याकडे आणि देखावा रस्त्याकडे. म्हणजे पडदा हवाच. समोर झाडं असतील तर पक्षी त्यातल्या प्रतिबिंबावर येऊन आपटतात, हेही धरून चाला.

पारदर्शक लेपाची जाहिरात मोहक असते: काच तशीच स्वच्छ, आणि ऊन मात्र बाहेर. या लेपांमध्ये बहुधा धातूंच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते अवरक्त किरण शोषतात. शोषतात, परतवत नाहीत. त्यामुळे काचच तापते आणि त्यातली काही उष्णता आत येते. दुपारी तळहात लावून बघा, समजेल. फायदा होतो, पण आरशाइतका नाही. आडोसा तर शून्य. वर स्पंजाचे पट्टे न उमटवता हा लेप लावणं सवयीच्या हाताचं काम आहे. हौसेने स्वतः करायचं असेल तर मी याला तिसरा नंबर देईन.

पांढरा हात दिसायला गरीब, पण कामाला चोख. काचेच्या हरितगृहांवर उन्हाळ्यापुरता तो मारायची पद्धत जुनीच आहे. ऊन काचेत शिरायच्या आधीच परततं, आणि तो हात पावसाने हळूहळू धुऊन जातो. माळ्यावरची खिडकी, जिन्याचा झरोका, काचेचं छप्पर अशा जागी, जिथून बाहेर बघायचं नाही, तिथे मी पैसे खर्चून दुसरं काही करणार नाही.

उन्हासाठी काहीही लावा, बाहेरून लावलेलं आतून लावलेल्यापेक्षा सरस ठरतं, कारण शोषलेली उष्णता वारा घेऊन जातो. फक्त ते लवकर झिजतं.

एका बाबतीत घाई नको. गडद रंग किंवा गडद फिल्म आतून लावली की काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दबलेल्या कडा गार राहतात. साध्या काचेत हा फरक ४० अंश सेल्सिअसच्या घरात गेला की कडेपासून तडा जाऊ शकतो. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन गार करून मजबूत केलेली काच २०० अंशांच्या आसपासचा फरक सोसते. आत तारेची जाळी असलेली काच आणि मध्ये पोकळी ठेवून जोडलेली दुहेरी काच यांना विशेष जपा. दुहेरी काचेवर फिल्म लावायची तर ती त्यासाठी चालते असं कंपनीने लिहून दिलेलं असावं.

शेवटी फिल्मच ठरली तर ती साबणाच्या दोन थेंबांच्या पाण्यावर बसवतात, हे ठाऊक असेलच. रबरी पट्टीने कितीही निपटलं तरी दुसऱ्या दिवशी ढगाळ डाग दिसतात आणि माणूस सुई शोधायला लागतो. महिनाभर थांबा. ते पाणी असतं, आपोआप उडून जातं. महिन्यानंतरही जो फुगा राहिला तो हवेचा. त्याला मात्र खुशाल टोचा.