गूढकथांच्या ऑडिओ ॲपची वर्षभराची वर्गणी : पार्श्वसंगीत बंद करायची सोय हवीच

वर्गणी पुढच्या आठवड्यात आपोआप नव्याने कापली जाणार असा मेसेज आला, म्हणून आजच लिहितेय. डाउनलोड, स्लीप टायमर, वेग कमी-जास्त करणं हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात कुरकुर नाही. वाचणारी मंडळी चांगली आहेत, उच्चार स्वच्छ. माझा जीव अडकलाय तो पार्श्वसंगीतात.

ज्या भयकथांच्या मध्यभागी लहान मूल असतं, त्यांच्यासाठी मी हे ॲप घेतलं. इंग्रज लेखक साकीची ‘स्रेदनी वष्टार’ ऐकलीत का? १९११ च्या संग्रहातली कथा. दहा वर्षांचा आजारी कॉनरॅडिन, त्याला सतत दाबात ठेवणारी पालक बाई, आणि बागेतल्या खोपटात लपवलेला एक फेरेट, मुंगसाच्या चणीचा शिकारी प्राणी. पोरगा त्या प्राण्याला देव करतो. उन्हाळ्यात लाल फुलं, हिवाळ्यात लाल फळं, सणाला जायफळाची पूड. आणि ते जायफळ चोरलेलंच असायला हवं! हा नियम मुलालाच सुचू शकतो. साकी स्वतः आई गेल्यावर डेव्हनमध्ये आत्यांच्या करड्या शिस्तीत वाढला. मुलाची भक्ती आणि मुलाचा राग कथेत इतके एकजीव झालेत ते उगाच नाही.

शेवटी घरात धावपळ, रडारड चाललेली असते आणि कॉनरॅडिन शांतपणे पाव भाजून त्याला लोणी लावत असतो. काटा येतो तो त्या शांतपणामुळे. नेमक्या तिथेच या ॲपवर व्हायोलिनं किंचाळायला लागतात. माझी सातवीतली भाची सोबत ऐकत होती. ती आधीच म्हणाली, “मावशी, म्युझिक बदललं, आता काहीतरी होणार.” झालं, कथा तिथेच संपली.

जेकब्जच्या १९०२ मधल्या ‘द मंकीज पॉ’चं तर वाटोळंच केलंय. दारावर थाप पडते आणि बाहेर कोण उभं आहे ते लेखक शेवटपर्यंत दाखवत नाही. इथे थापेच्या मागोमाग कण्हण्याचा आवाज घातलाय. लेखकाने झाकून ठेवलेलं उघडं करायचा अधिकार यांना कोणी दिला?

ग्राहक सेवेला लिहिलं की संगीत बंद करायचं बटण द्या. उत्तर आलं, आवाज कमी करून ऐका. आवाज कमी केला की वाचणाराही ऐकू येत नाही, हे परत कळवलं. पुढे काही नाही. तेव्हा पाच तारे काढून दोन केले होते.

नंतर मात्र मत बदललं. यादीत पार खाली काही जुनी रेकॉर्डिंगं आहेत, एकाच बाईंच्या आवाजातली, संगीताशिवाय. मूल बोलतं तिथे त्या आवाज लाडिक करत नाहीत. शेवटचं वाक्य आधीच्या वाक्याच्याच लयीत वाचतात, आणि भीती आपल्याला एक क्षण उशिरा गाठते. त्या ऐकताना रत्नाकर मतकरी आठवत राहिले. १९६२ मध्ये बालनाट्य संस्था काढून मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण रंगमंचावर आणणारा हा माणूस मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत होता. चेटकीण गाजावाजा करत येते, मुलं आनंदाने घाबरतात. गूढकथेत मात्र कोणी वर्दी देत नाही. त्यांनी स्वतःच्या कथेवर केलेल्या ‘इन्व्हेस्टमेंट’ चित्रपटात तर भूतही नाही. शाळकरी मुलगा आहे, त्याच्यावर खुनाचा संशय आहे आणि त्याला वाचवायला काहीही करू शकणारे आईबाप आहेत. अशा गोष्टीखाली ढोल वाजवून काय साधणार?

कामाची एक गोष्ट : सेटिंगमध्ये ‘पुढची कथा आपोआप’ हे आधी बंद करा, नाहीतर शेवटचं वाक्य मनात उतरायच्या आत दुसऱ्या कथेचं शीर्षक कानावर आदळतं.

आता तीन तारे, तेही त्या बाईंमुळे. वर्षाच्या वर्गणीच्या पैशांत गूढकथांची तीन पेपरबॅक येतात आणि ती भाचीला देता येतात. वार्षिक नूतनीकरण रद्द केलंय. त्या बाईंचं नवीन काही आलं तर एका महिन्याचे पैसे भरेन.