गेटवेसमोरचा बोया: छोट्या शिडाच्या होडीसाठी कसा?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर होडी बांधायला भाड्याने मिळणारा बोया, म्हणजे तळाशी साखळीने अडकवलेला तरंगता पिंप, परवडतो, पण होडीपर्यंत पायी जाता येत नाही. भाडं ठरवताना लाँचच्या (होडीपर्यंत नेणाऱ्या छोट्या मोटरबोटीच्या) फेऱ्या त्यात आहेत का आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आधी विचारा. खरा खर्च तिथेच वाढतो. मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढ-उतरतं. बोयाची साखळी भरतीच्या खोलीनुसार मोजलेली हवी, आणि ओहोटीला होडी बोयाभोवती फिरताना शेजारच्या होडीला लागता कामा नये. एलिफंटा-मांडव्याच्या फेरीबोटींच्या लाटांनी होडी सतत हेलकावते, त्यामुळे बोयाला बांधलेला दोरखंड नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) घासून तुटतो. तिथे जाड रबरी नळी चढवा, दोर दुहेरी बांधा. शॅकलची (साखळी जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधलेली नसेल तर बोया घेऊच नका! पावसाळ्यात मात्र होडी इथे ठेवू नये. मेअखेर ती किनाऱ्यावर ओढा.