स्वस्तात जीटी८६ घ्यायला गेलो आणि १४,७५,००० रुपये घालवून बसलो

टोयोटाची जीटी८६ ही स्पोर्ट्स कार आपल्याकडे कंपनीने कधी विकलीच नाही, हे मला माहीत होतं. तरी नवी मुंबईतल्या एका सेकंड-हँड गाडीवाल्याकडे २०१३ ची दिसली आणि पाय तिकडे वळले. लंडनहून परतलेल्या कुटुंबाने सामानाबरोबर आणलेली, एमएच ४३ पासिंग, असं तो म्हणाला.

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. ओळखीचा मेकॅनिक नेला, त्याला ४,५०० दिले. क्लचच्या बेअरिंगचा आवाज ऐकला, ऑइलगळती पाहिली, २०१८ च्या व्हॉल्व्ह स्प्रिंग रिकॉलचं (इंजिनातल्या स्प्रिंगच्या दोषासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या) काम झाल्याचा कागद मागून घेतला. पाम बीच रोडला चालवली. गाडी ठणठणीत होती, आजही तेच म्हणेन.

मेकॅनिकने टॉर्च मारून चासी नंबर वाचला, सुरुवात जेएफ१. माझ्या हातातल्या आरसीवर जेटी. मी विचारलंसुद्धा! गाडीवाला म्हणाला, "साहेब, ही बनली सुबारूच्या कारखान्यात, तुम्हाला माहीतच असेल. कागदावर टोयोटा म्हणून जेटी." सुबारूच्या कारखान्यात बनली हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसलो. अहो, चासी नंबर एकच असतो! गाडीवर आणि कागदावर अक्षरन् अक्षर तोच. आरसी दुसऱ्याच टोयोटाची होती. त्या दोन अक्षरांपाशी मी परत फिरायला हवं होतं.

टोकन १,००,०००, आरटीजीएस ११,८०,०००, रोख १,९५,०००. "रोख दोन लाखांच्या आत ठेवा," हेही त्यानेच शिकवलं. रोखीची पावती नाही. तुम्ही एक रुपयाही रोख देऊ नका.

नाव बदलायला आरटीओत गेलो तेव्हा बिंग फुटलं. गाडी कार्नेवर, म्हणजे ड्युटी न भरता ठरावीक मुदतीसाठी गाडी आणायच्या परवान्यावर, तात्पुरती आणलेली, ड्युटी भरलेलीच नाही. कस्टम्सने ती उचलली. बाहेरून आलेल्या गाडीचे ड्युटी भरल्याचे कागद आधी मागा, ते नसतील तर टोकनही देऊ नका.

आणि पोलीस! मी ठाण्यात राहतो, तर इथले म्हणतात नवी मुंबईत जा. तिथले म्हणतात, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. आठ चकरा झाल्या. एकाने तर तोंडावर विचारलं, "एवढी हौस कशाला?" हौस हा गुन्हा आहे का? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लागू आहे. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात) नोंदवून घ्यावाच लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) ची फसवणूक दखलपात्रच आहे. दोन्ही कलमं कागदावर लिहून नेली. साहेब राउंडला गेलेत, उद्या या, म्हणाले. अर्ज द्याल तेव्हा पोच शिक्क्यासकट घ्या, माझ्या पहिल्या अर्जाची नोंदच सापडत नाही.

यातले ९ लाख पर्सनल लोनचे आहेत. दर पाच तारखेला २०,०२० रुपये कापले जातात, अजून ४१ हप्ते बाकी आहेत.