चियांग माई: चार महिने उत्तम, बारा महिने नको

परदेशात राहून लॅपटॉपवर काम करायचं म्हटलं की स्वस्त शहरांच्या यादीत उत्तर थायलंडमधलं चियांग माई हमखास वर असतं. त्यात खोटं काही नाही. पण या याद्या महिन्याचा खर्च सांगतात, महिना कोणता ते सांगत नाहीत आणि इथे सगळं अडतं ते तिथेच. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत राहायला आणि काम करायला हे फार चांगलं शहर आहे. मार्चमध्ये कुणी फुकट खोली दिली तरी जाऊ नये.

कारण धूर. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आसपासच्या डोंगरांत मक्याची ताटं, भाताचं काड आणि जंगलातला पालापाचोळा जळत असतो. म्यानमार आणि लाओसच्या बाजूनेही धूर येतो. शहर डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. वरची हवा उबदार, खालची गार, त्यामुळे धूर वर न जाता खालीच कोंडून राहतो. पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. इथे मार्चमध्ये आकडा शंभराच्या पुढे जाणं नेहमीचंच. शहराच्या पश्चिमेला दोई सुथेपचा डोंगर आहे. तो दिसेनासा झाला की हवेची प्रत बघायला अ‍ॅप उघडायचीही गरज नाही. एअर प्युरिफायर तीन-चार हजार बाटला मिळतो, पण उपयोग होतो तो काचा घट्ट बसणाऱ्या कोंडोत (वेगवेगळ्या मालकांचे फ्लॅट असलेल्या इमारतीत). लाकडी घरांत आणि पट्ट्यांच्या खिडक्या असलेल्या जुन्या खोल्यांत तो रात्रभर चालवूनही फरक पडत नाही. दमा असेल किंवा सोबत लहान मूल असेल तर या महिन्यांचा विचारच नको.

दुसरं टोक पावसाचं. २०२४च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिंग नदीला मोठा पूर आला आणि चांग ख्लान, नाइट बाजार हा नदीकाठचा भाग पाण्यात गेला. म्हणून ऑक्टोबरमध्ये येणाऱ्याने नदीपासून लांब, शहराच्या पश्चिमेला जागा बघावी.

म्हणजे पश्चिमेची निम्मान किंवा वायव्येची सांतितम ही वस्ती. (इथून पुढे एक बाट म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा.) निम्मानमध्ये कॅफे, मॉल, को-वर्किंग सगळं हाताशी, पण बऱ्या स्टुडिओला १२ ते २० हजार बाट भाडं. सांतितम तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत. स्थानिक वस्ती, संध्याकाळी खाऊच्या गाड्या, आणि तसाच स्टुडिओ ६ ते १० हजारांत. आमची पसंती निःसंशय सांतितमला. भारतातून ऑनलाइन तीन महिन्यांचं बुकिंग करू नये. पहिला आठवडा गेस्टहाउसमध्ये काढावा, गल्ल्यांतून पायी फिरावं आणि इमारतीच्या ऑफिसमध्ये थेट विचारावं. ऑनलाइन न दिसणाऱ्या खोल्या तिथे मिळतात आणि भावही कमी होतो. नोव्हेंबर ते जानेवारी गर्दीचा हंगाम, त्यामुळे ऑक्टोबरमध्येच जागा धरलेली बरी.

भाड्यापेक्षा जास्त फसगत होते ती विजेच्या दरात. कोंडोमध्ये बहुतेक वेळा वीज कंपनीचं बिल थेट येतं, युनिटला साधारण साडेचार बाट. एकाच मालकाच्या अपार्टमेंट इमारतीत मालक स्वतःचा दर लावतो, सात ते आठ बाट. रात्रभर एसीला साडेपाच युनिट धरले तर महिन्याला १६५ युनिट होतात. एकीकडे साधारण ७४० बाट, दुसरीकडे आठच्या दराने १,३२०. दिवसाही खोलीतच काम करणार असाल तर हा फरक दुपटीने वाढतो. तेव्हा भाडं विचारायच्या आधी युनिटचा दर विचारावा. किल्ली घेताना वीज आणि पाण्याच्या मीटरचे, भिंतींचे, गादीचे फोटो काढून मालकाला तिथल्या तिथे ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवर पाठवावेत. वर्षाच्या कराराला दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं हा रिवाज आहे. तीन-चार महिन्यांसाठी बऱ्याच ठिकाणी एका महिन्याच्या डिपॉझिटवर जमतं. धुराच्या महिन्यांमुळे वर्षाचा करार स्वस्त दिसला तरी महागच पडतो. मध्येच सोडलं की डिपॉझिट गेलं.

आणखी एक गोष्ट मालकाकडून लिहून घ्यावी: टीएम ३० तो भरणार का? परदेशी माणूस राहायला आल्याची ही नोंद चोवीस तासांत करायची असते आणि ती मालकाची जबाबदारी आहे. ती नसेल तर इमिग्रेशनमध्ये मुदतवाढीचा अर्ज अडतो.

व्हिसाचं बघू. २०२४ मध्ये भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळत होता. त्या वर्षीच्या जुलैत त्याची मुदत ६० दिवस केली गेली, पण हा नियम सरकार बदलत असतं, त्यामुळे तिकिटाआधी थाई वकिलातीचं संकेतस्थळ बघावंच. शिवाय असा प्रवेश पर्यटनासाठी असतो. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी त्याच जुलैत डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) हा व्हिसा आला. मुदत पाच वर्षं, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस, मूळ फी १०,००० बाट. अर्ज थायलंडच्या बाहेरूनच करावा लागतो. वय किमान २० आणि खात्यात पाच लाख बाट, म्हणजे साडेबारा ते पंधरा लाख रुपये, दाखवावे लागतात. अर्ज रखडतो तो बहुधा याच कागदावर: आदल्या आठवड्यात कुणाकडून तरी आणून भरलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच दिसते. नोकरदारांनी परदेशातून काम करायला परवानगी असल्याचं कंपनीचं पत्र जोडावं, फ्रीलान्सरनी करार, इन्व्हॉइस आणि आयटीआर. एकाच मुक्कामात सलग ९० दिवस झाले की पत्त्याची नोंद, टीएम ४७, द्यायची. ती नव्वदाव्या दिवसाच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालते. करासाठी थायलंड जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरतं आणि त्यात १८० दिवस भरले की तुम्ही तिथले कर-रहिवासी होता. ऑक्टोबर ते जानेवारी हा मुक्काम दोन वर्षांत विभागला जातो, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

काम करायला शहर खरोखर सोयीचं आहे. फायबर जवळपास सगळीकडे आहे. माया मॉलच्या वरच्या मजल्यावरच्या ‘कॅम्प’ या कॅफेत कॉफी घेतली की बिलासोबत वायफायचा कोड मिळतो. वेळ भारतापेक्षा दीड तास पुढे. पुण्याची दहाची मीटिंग साडेअकराला, हिवाळ्यात जर्मनीचे नऊ म्हणजे दुपारचे तीन. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ मात्र रात्रीचे नऊ होतात. अमेरिकी टीमसोबत रोज काम असेल तर हे शहर थकवतं.

शाकाहाऱ्यांनी एक शब्द पाठ करावा: जे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. अशा ठिकाणी मांस-मासे, अंडं, दूध नाहीच, कांदा-लसूणही नाही. बाकी दुकानांत ‘भाजी’ म्हणून येणाऱ्या ताटात फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतोच, पपईच्या सोम तम या सॅलडमध्येही. साधं ताट ५० ते ७० बाट. घरी स्वयंपाकाचा बेत असेल तर खोली नीट बघावी: पुष्कळ स्टुडिओंत फ्रीज आणि केटल एवढंच असतं, शेगडी नाही, धूर जायला वाट नाही. फोडणी दिली की वास गादीत मुरतो.

पैशांचं: यूपीआयवर विसंबू नका आणि थाई क्यूआरला सहसा थाई बँक खातं लागतं, तेव्हा रोख बाळगावी. परदेशी कार्डावर एटीएम प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतं, म्हणून एकदम मोठी रक्कम काढावी. स्कूटर महिन्याला अडीच ते साडेतीन हजारांत मिळते. पासपोर्ट तारण देऊ नये, रोख डिपॉझिट द्यावं. आंतरराष्ट्रीय परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. स्कूटर नको असेल तर लाल सोंगथ्याव (प्रवासी वाहून नेणारी शेअर गाडी) शहरात साधारण ३० बाटला नेतो.

सांतितममध्ये भाडं ८,०००, वीज-पाणी १,२००, जेवण १०,०००, कॅफे २,५००, स्कूटर-पेट्रोल ३,३००, फोन ५००, आरोग्य विमा २,५००. एकूण २८,००० बाट, म्हणजे ७० ते ८४ हजार रुपये, विमानभाडं आणि व्हिसाची फी वेगळी. डॉलर-युरोत कमावणाऱ्याला हे स्वस्त आहे. पुण्यात रुपयांत पगार घेणाऱ्याला नाही, इतक्या पैशांत तो पुण्यातच जास्त चांगला राहील.

फेब्रुवारीत इथून निघायचं तर व्हिएतनामचं दा नांग हा चांगला जोड मुक्काम आहे. त्याचं वेळापत्रक नेमकं उलटं आहे: तिथला मुसळधार पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि फेब्रुवारीपासून कोरडं. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो, एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. दूरस्थ कामासाठी वेगळा व्हिसा मात्र तिथे नाही. अर्ज जानेवारीच्या सुरुवातीलाच करावा, कारण जानेवारीअखेर-फेब्रुवारीत येणाऱ्या तेत या व्हिएतनामी नववर्षाच्या सणाच्या सुट्टीत तिथली कार्यालयं बंद असतात.