टणक की थोडा नरम? हायब्रिड सायकलच्या टायरमधली हवा

नवी हायब्रिड, म्हणजे रोड बाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली सायकल, घेतली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो. टायरच्या कडेवर ५० ते ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलेलं असतं, मग हवा भरायची किती? दुकानदार अंगठ्याने दाबून ‘झाली टाइट’ म्हणतो आणि आपण निघतो. ६० आणि ८० मधला फरक अंगठ्याला काही कळत नाही. रस्त्यावर मात्र मनगट, कंबर आणि ब्रेक या तिघांनाही तो लगेच कळतो. म्हणून ७००×३५ चा, म्हणजे ३५ मिमी रुंदीचा टायर, ७० किलोच्या आसपासचा माणूस आणि खडकवासल्याहून सिंहगडाकडे जाणारा रस्ता धरून ८० आणि ५५ ची तुलना करतो.

८० वर सायकल निघतानाच हलकी वाटते. नव्या डांबरावर ती खरोखरच मोकळी पळते, कारण टायर कमी दबतो आणि त्याच्या रबरात कमी ताकद वाया जाते. रोजचा रस्ता तसा गुळगुळीत असेल तर ८० ला माझी हरकत नाही. पण आपल्याकडे डांबरातून खडी वर आलेली असते, केबलसाठी खणलेले चर अर्धवट बुजवलेले असतात, दर दोनशे मीटरवर स्पीड ब्रेकर असतो. तिथे टणक टायर दगडाला सामावून घेत नाही, अख्खी सायकल आणि वरचा माणूस उचलतो. प्रत्येक उचलण्यात आपलीच ताकद जाते. हँडलची थरथर वेगासारखी भासते, पण घड्याळ लावून बघा, वेळ काही कमी होत नाही.

५५ वर तोच रस्ता वेगळा वाटतो. खडीचा आवाज ‘टर्रर्र’ ऐवजी दबका येतो आणि तासाभराने बोटांना मुंग्या येत नाहीत. जॉन डनलॉप या पशुवैद्यांनी १८८८ साली बेलफास्टला हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, ते मुलाच्या तीनचाकीला बसणारे धक्के कमी करण्याच्या खटपटीतूनच. हवा आधी धक्के खाण्यासाठी आली, हे आपण विसरतो.

खरा फरक उतारावर पडतो. मागच्या चाकावर ४५ किलो भार धरला तर ८० वर टायर साधारण ८ चौरस सेंटिमीटर टेकतो, ५५ वर साडेअकरा. सिंहगडाच्या वळणांवर बारीक खडी पसरलेली असते. तिथे टणक टायर उडतो, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लावला की ते लॉक होऊन घसरतं. नरम टायर रस्त्याला धरून राहतो. पावसाळ्यात मी आणखी ३-४ पीएसआय कमी करतो.

नरमपणालाही हद्द आहे. ४५ च्या खाली गेलात तर वळताना टायर बाजूला लोळल्यासारखा वाटतो, पुढचं हँडल जड होतं. वर पंक्चरची भीती. एकदा मी दोन आठवडे पंप न लावता निघालो आणि खड्ड्याच्या कडेला मागचं चाक आपटलं. ट्यूब काढली तर शेजारीशेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. टायर पार दबून ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटली होती. टणक टायरला हा धोका कमी. म्हणून मागे कॅरिअरवर बॅगा लादणाऱ्याने किंवा ९० किलोच्या माणसाने माझा ५५ चा आकडा उचलू नये, मागे ६५-७० पासून सुरुवात करावी.

दोन्ही चाकांत सारखीच हवा भरायची सवय सोडायला हवी. बसल्यावर जास्त भार मागे जातो, म्हणून पुढे ५-६ पीएसआय कमीच हवी. माझ्याकडे मागे ५८, पुढे ५२ असते, आणि पुढची हवा कमी केल्यावर मनगटांना जो आराम मिळाला तो जेलच्या ग्लोव्ह्जनीही दिला नव्हता.

२८ मिमी टायरची रोड बाईक असेल तर हेच गणित मागे ८०, पुढे ७० च्या आसपास येतं. १०० ची गरज नाही. २.१ इंची टायरच्या एमटीबीला, म्हणजे डोंगरी सायकलला, ट्यूबसकट ३०-३५ पुरे.

गेज असलेला उभा पंप घ्या, पायडलपेक्षा आधी त्यावर पैसे खर्च करा. ट्यूबमधली हवा आपोआप झिरपते, तेव्हा आठवड्यातून एकदा मोजाच. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरपासून जपा. सायकलची ट्यूब छोटी, त्यामुळे आकडा क्षणात वर जातो. आणि ८० वरून थेट ५५ वर उडी नको. रोजच्याच रस्त्यावर दर फेरीला ५ ने उतरवा. वळणावर टायर लोळायला लागला किंवा खड्ड्यात रिम ठणकली की ५ परत भरा, तुमचा आकडा तोच.