‘गॅस संपलाय’ म्हणाला आणि 12,700 रुपये घेऊन गेला

मे महिनाभर धुळ्यात ऊन नुसतं भाजून काढत होतं. आमचा एसी रात्रंदिवस चालला, पण घरात पाण्याचा थेंब पडला नाही. मृगाचा पहिला पाऊस झाला, उकाडा वाढला आणि आईच्या खोलीत एसीखालून पाणी ठिबकायला लागलं. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, तेव्हा एसीतून पाणी कमी निघतं. हवा दमट झाली की ते कितीतरी वाढतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांत भिंतीवर काळे ठिपके आले. आईला दमा आहे, ती रात्रभर खोकायची. घाबरून मी मोबाइलवर कंपनीचं सर्व्हिस सेंटर शोधलं आणि वर दिसला तो नंबर लावला. इथेच चुकलो. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता आणि कार्ड कपाटातच होतं.

आलेल्या माणसाने एसी उघडायच्या आधीच सांगितलं, “दादा, गॅस संपलाय, म्हणून पाणी गळतंय.” गॅस कमी झाला तर आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी पडतं, हे खरं आहे. पण मग खोली गार होत नाही. आमची खोली तर छान गार होत होती! शिवाय एसीचा गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कुठेतरी गळती असेल तरच कमी होतो. त्याने गळती शोधली नाही, गॅस वजन करून भरला नाही. 3,200 रुपये घेतले, पावती दिली नाही.

पाणी थांबलं नाही. पुन्हा बोलावलं तर म्हणाला, बुरशी भिंतीत शिरलीय, केमिकल मारावं लागेल. 9,500 रुपये आगाऊ. केमिकल म्हणजे ब्लीचचा उग्र वास येणारं पाणी होतं. त्या वासाने आईला इतकी धाप लागली की तिला शेजारच्या ताईंकडे नेऊन बसवावं लागलं. ओल्या भिंतीवरच त्याने पुट्टी ओढली, रंग मारला. तीन आठवड्यांत रंगाला फुगे आले. आई हात लावून म्हणाली, “अरे, भीत अजून वलीच शे.” फोन केला तर बंद.

शेवटी देवपुरातला एक जुना मेकॅनिक आला. त्याने एसीच्या आत कॉइलखाली असलेल्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतलं आणि मला गच्चीवर, एसीचं पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी उभं केलं. एक थेंब बाहेर आला नाही. पाइपात फुंकर मारली तेव्हा बोटभर लांब, काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत गोळा पडला. भिंतीमागे पाइपाला चढही होता, तो त्याने उताराला आणला. 500 रुपये घेतले, तेही पावती देऊन.

तुमच्याकडे कुणी आला तर पैशांचं बोलण्याआधी ही बाटलीची परीक्षा त्याला तुमच्यासमोर करायला लावा. पाणी गळणं थांबल्याशिवाय आणि भिंत खडखडीत वाळल्याशिवाय रंगाला हात लावू देऊ नका, बुरशी त्याच ओलीवर परत येते.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावती नसल्याने हाताशी फक्त यूपीआयच्या नोंदी आहेत. गिलावा विटांपर्यंत खरवडून काढलाय, दिवसभर खिडकी उघडी ठेवून पंखा चालू असतो. भिंत वाळेपर्यंत आई मधल्या खोलीत झोपतेय.